रस्त्यावर शिंपडलेलं ‘मिठाचं पाणी’ आणि परसातली बोअर

‘ताई, आम्ही मूळचे सांगलीचे. नवऱ्याची नोकरी मीडव्हिलला, म्हणून 3 वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलच्या अलीकडे, गावाबाहेर घर घेतलं. समोर कच्चा रस्ता, मागे बोअर, नळाला तेच पाणी. गेल्या जूनमध्ये एक टँकर आला आणि धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी शिंपडत गेला. सुकल्यावर कडेला पांढरी पापडी धरली. टँकरवर ‘रेसिड्युअल वेस्ट’ असं लिहिलं होतं. शेजारच्या आजोबांच्या शेतात त्यांच्या मालकीच्या दोन जुन्या तेलविहिरी आहेत. ते म्हणाले, “मिठाचं पाणी आहे ते, माझे वडीलही टाकायचे.” नवराही आता तेच म्हणतो. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या पाणी उकळून ठेवतात आणि म्हणतात, आता काही भीती नाही. मुलगी 4 वर्षांची, त्याच रस्त्यावर सायकल फिरवते. सप्टेंबरमध्ये टँकर परत आला. मी रात्र रात्र वाचत बसते. नवरा म्हणतो, राईचा पर्वत करतेस. घर विकून टाकावं का? आजोबांशी भांडावं का? गेल्या हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ त्यांनीच काढला होता.’
– मानसी (नाव बदललं आहे)

प्रिय मानसी,

सगळ्यात आधी सासूबाईंना सांग की उकळल्याने जंतू मरतात, पाण्यातलं मीठ कुठे जात नाही. रस्सा आटला की खारट होतो ना, तसंच. अशा पाण्यातलं सोडियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, किरणोत्सर्गी रेडियम यांतलं काहीही वाफेबरोबर उडत नाही. पाणी तेवढं कमी होतं आणि उरलेल्यात त्यांचं प्रमाण थोडं वाढतं. कोळशाच्या फिल्टरच्या जगचाही इथे उपयोग नाही. त्यांनी मायेने केलंय, त्यामुळे हे तू न सांगता नवऱ्याने सांगितलं तर बरं.

तुझ्या बोअरमध्ये ते पाणी उतरलंच आहे, असं मी म्हणत नाही. इतक्या दुरून, बाटली हातात न घेता, तसं म्हणणारा माणूस खोटं बोलतोय असं समज. पण ‘मिठाचंच पाणी’ हे शब्दही मला मान्य नाहीत, आणि तुझ्या घरातली निम्मी भांडणं या दोन शब्दांनी लावली आहेत असं मला वाटतं. म्हणून ते काय आहे ते नीट समजून घे.

तेल किंवा गॅस वर येतो तेव्हा त्याच्याबरोबर खडकात अडकून राहिलेलं, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं पाणीही वर येतं. आपल्या समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. तुमच्या भागातल्या खोल खडकांच्या पाण्यात हे प्रमाण 200 ग्रॅमच्या वर जाऊ शकतं. म्हणजे लिटरभर पाण्यात मोठी वाटी भरून मीठ. आणि ते नुसतं स्वयंपाकघरातलं मीठ नसतं. त्यात ब्रोमाइड असतं, बेरियम, स्ट्रॉन्शियम असतं, तेलाचे अंश असतात आणि रेडियम असतं. अमेरिकेच्या भूगर्भशास्त्र विभागाने 2011 मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कमधल्या तेल-वायू विहिरींच्या पाण्याचे आकडे छापले. मार्सेलस नावाच्या खोल खडकातून आलेल्या पाण्यातल्या रेडियमचा मधला आकडा लिटरला 2,400 पिकोक्युरीच्या (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) वर होता. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 5 आहे. शेजारच्या आजोबांच्या जुन्या उथळ विहिरींचं पाणी मार्सेलसइतकं तीव्र असेलच असं नाही, पण रेडियम त्या पाण्यातही सापडतं.

शरीराला रेडियम कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून ते हाडात जाऊन बसतं. त्यातलं जे रेडियम-226 आहे ते निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात. अजिंठ्याची नंतरची लेणी कोरत होते तेव्हा मातीत पडलेलं रेडियम आज कुठे निम्म्यावर येत असतं. आजोबांचे वडील टाकायचे, हे खरंच असेल. पण मग त्यांनी टाकलेलंही जवळपास सगळं अजून कुठे ना कुठे आहे.

तुझा नवरा विचारेल (आणि हा प्रश्न रास्तच आहे) की इतकं धोक्याचं असतं तर सरकारने रस्त्यावर टाकू दिलं असतं का? याचं उत्तर कायद्यात आहे. अमेरिकेत कचऱ्याचा मुख्य कायदा 1976 चा. 1980 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि तेल-वायूच्या विहिरीतून निघणारा कचरा अभ्यास होईपर्यंत ‘घातक कचऱ्या’च्या यादीबाहेर ठेवला गेला. 1988 मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, ठरवलं की तो बाहेरच राहू दे, राज्यं बघून घेतील. उद्योगावर पडणारा खर्च हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. त्यामुळे तेच रसायन कारखान्याच्या पिंपातून निघालं तर घातक ठरू शकतं आणि तेलविहिरीतून निघालं तर ‘रेसिड्युअल वेस्ट’, म्हणजे उरलासुरला कचरा. टँकरवर तू जे वाचलंस ते हेच. भारतात 2016 च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत तेल असलेला ड्रिलिंगचा चिखल आणि तेलाचा गाळ नाव घेऊन लिहिलेला आहे. आपल्याकडे अंमलबजावणी कशी होते हा वेगळा विषय, पण निदान कागदावर त्याचं नाव खरं आहे. ‘अमेरिकेत कायदे कडक’ हे मनात धरून इथे आलेल्या आपल्या माणसांना ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मलाही ती कामावर लागल्यानंतर कळली.

आता रस्त्याविषयी. पेनसिल्व्हेनियात उथळ, जुन्या पद्धतीच्या विहिरींचं पाणी धूळ बसवायला कच्च्या रस्त्यांवर टाकण्याची परवानगी अनेक वर्षं मिळत होती. 2018 मध्ये पेन स्टेट विद्यापीठ आणि इतर संशोधकांनी हिशेब मांडला. 2008 ते 2014 या काळात या शिंपडण्यातून जितकं रेडियम राज्यात बाहेर पडलं, ते तेल-वायूचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांतून बाहेर पडलेल्या रेडियमच्या चौपटीहून जास्त होतं. शिवाय या पाण्याने धूळही धड बसत नाही, कारण त्यात सोडियम फार असतं. पाऊस आला की सगळं वाहून ओहोळात जातं. त्याच्या आदल्या वर्षी, 2017 मध्ये, तुझ्या पलीकडच्या वॉरन काउंटीतल्या एका बाईंनी राज्याच्या पर्यावरण लवादापुढे अपील नेलं आणि त्यानंतर 2018 मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे डीईपीने, या परवानग्या देणं थांबवलं. एका बाईंनी. पुढे काहींनी ‘हा कचरा नाही, उपउत्पादन आहे’ अशी पळवाट काढून टाकणं चालूच ठेवलं. त्यामुळे तुझ्या दारात आलेला टँकर कोणत्या कागदावर आला, हा प्रश्न विचारायला तुला पूर्ण जागा आहे.

तो विचारायचा कसा, ते पुढे सांगते. त्याआधी माझी एक आठवण.

मी 23 वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळांत काढली, त्यातली शेवटची 11 ओहायोत. एका नोव्हेंबरमध्ये एक शेतकरी जोडपं आलं. हातात काचेची बरणी, काकडीच्या लोणच्याची, झाकणावर अजून लेबल. बाई म्हणाल्या, पाणी खारट लागतंय, गाई मात्र आवडीने पितात. मी बरणीचं झाकण उघडलं तर व्हिनेगर आणि शेपूचा वास. त्या बरणीतल्या पाण्याचं क्लोराइड मोजून काय करणार? त्यांना आमच्या बाटल्या देऊन परत पाठवलं, दुसरा नमुना आणला, आणि त्यात खरोखरच क्लोराइड, बेरियम दोन्ही चढलेलं निघालं. वरच्या अंगाला एका कंपनीचा सांडपाण्याचा खड्डा होता. कंपनीने एकच गोष्ट विचारली: आधी तुमचं पाणी कसं होतं ते दाखवा. त्यांच्याकडे कागद नव्हता. 40 वर्षं पाणी गोड होतं, तर कोण तपासतं? ते दोघं पुढे पिण्याचं पाणी विकत आणत राहिले. त्या बाईंनी मला विचारलं होतं, “माझी जीभ पुरावा नाही का?” मी त्यांना काही उत्तर देऊ शकले नाही.

म्हणून तुला माझं सांगणं एकच आहे. वाचत बसू नकोस, नमुना घे. तुझं पाणी आज चांगलं असेल तर तो कागद तुझ्या घराच्या खरेदीखताइतका मोलाचा आहे. कायदा या पाण्याला घातक म्हणत नाही, त्यामुळे सिद्ध करण्याचं ओझं तुझ्यावर येतं, आणि बिघाड सिद्ध करायला आधीचं चांगलं पाणी नोंदलेलं लागतं. खाजगी बोअर तुमच्याकडे कुणीही तपासत नाही, ना राज्य, ना ईपीए. ती सर्वस्वी मालकाची जबाबदारी.

राज्याची मान्यता असलेली प्रयोगशाळाच निवड. पेन स्टेट विद्यापीठाची पाणी तपासणारी प्रयोगशाळा आहे, तेल-वायूच्या भागातल्या विहिरींसाठी काय तपासायचं याचा सल्लाही विद्यापीठाचे लोक देतात. बाटल्या त्यांच्याच वापर. घरात सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र) असेल तर नमुना त्याच्या आधीच्या नळाचा घे, कारण सॉफ्टनर बेरियम आणि रेडियम बऱ्यापैकी पकडतो आणि मग रिपोर्ट खोटा दिलासा देतो. पुढेमागे वाद होईल असं वाटत असेल तर नमुना प्रयोगशाळेच्या माणसालाच घ्यायला लाव, थोडे जास्त पैसे लागतील. तपासायला सांग: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड, ब्रोमाइड, सोडियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, आर्सेनिक, मिथेन. ब्रोमाइड विसरू नकोस. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या बर्फाच्या मिठानेही क्लोराइड वाढतं, पण त्यात ब्रोमाइड नगण्य असतं. तेलविहिरीच्या पाण्यात ते ठळक असतं. दोन्हींचं प्रमाण बघितलं की खार कुठून आला ते बरंचसं कळतं. रेडियमची तपासणी महाग असते, म्हणून आधी ग्रॉस अल्फा (एकूण अल्फा किरणोत्सर्गाची तपासणी) कर, तो चढलेला निघाला तर रेडियम-226 आणि 228.

रिपोर्ट आला की बेरियम लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आत हवं. क्लोराइडची 250 आणि टीडीएसची 500 ही मर्यादा मुख्यतः चवीसाठीची आहे, ती ओलांडली म्हणून त्या रात्री घाबरू नकोस. पण आज 180 असलेला टीडीएस तीन महिन्यांनी 600 झाला तर मात्र पिणं थांबव आणि मगच कारण शोध. घरात कुणाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर सोडियमचा आकडा डॉक्टरांना दाखव. आणि काही निघालंच, तर ओट्याखाली बसणारा आरओ हे सगळं बऱ्याच अंशी काढतो. सांगलीत आपल्या घरी असतो तोच. एक टीडीएसचं पेन घे, स्वस्त मिळतं. दर रविवारी एक आकडा वहीत. त्याने रेडियम दिसत नाही, पण खार वाढला तर ते पहिलं ओरडतं.

बोअर रस्त्यापासून किती लांब आहे, चढाला की उताराला, केसिंगचं (बोअरमधल्या पाइपचं) तोंड जमिनीच्या वर आहे का, टोपण घट्ट आहे का, हे नवऱ्याबरोबर एकदा जाऊन बघ. क्लोराइड पाण्याबरोबर दूर जातं. रेडियम मात्र बहुतेक मातीला चिकटून राहतं. म्हणून मला तुझ्या नळापेक्षा तुझ्या लेकीच्या सायकलची जास्त काळजी वाटते. त्या रस्त्याची धूळ घरात येऊ देऊ नकोस. चपला-बूट दाराबाहेर, ही तर आपली रीतच आहे, तीच कडक पाळ. घरात केरसुणीने झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पूस. आल्यावर हात धुणं. सायकल काही दिवस मागच्या अंगणात. पांढरी पापडी दिसते तिथे कुत्रं-मांजर चाटायला जातं का, लक्ष ठेव. गुरांना तर मिठाची ओढच असते: 2010 मध्ये टायोगा काउंटीत साठवणीच्या तळ्यातून असं पाणी गळालं, तिथे गुरं गेली, आणि राज्याच्या कृषी खात्याने 28 गुरं बाजारात जाऊ न देता वेगळी ठेवली होती.

नवरा पुढे विचारेल, मग हे पाणी टाकायचं तरी कुठे? मानसी, मी या क्षेत्राच्या कडेला इतकी वर्षं राहिले, तरी मला याचं समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. तुमच्या राज्यात ते आधी शुद्धीकरण केंद्रांमार्फत नद्यांत सोडलं जाई. एप्रिल 2011 मध्ये डीईपीने कंपन्यांना मार्सेलसचं पाणी तिथे नेणं थांबवायला सांगितलं. 2013 मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्लॅकलिक क्रीकमध्ये अशा एका केंद्राच्या तोंडाशी गाळ तपासला, तर रेडियम वरच्या अंगापेक्षा 200 पट. देशात बहुतेक पाणी आता इंजेक्शन विहिरींतून खोल खडकात परत ढकलतात, रोज 200 कोटी गॅलनहून जास्त. त्यानेही सुटत नाही. 2011 च्या शेवटच्या दिवशी ओहायोतल्या यंग्सटाउनला 4 रिश्टरच्या आसपासचा धक्का बसला तो अशाच विहिरीमुळे. ओक्लाहोमात 2016 मध्ये पॉनीला 5.8 चा झाला. आणि 2019 मध्ये ओहायोच्या वॉशिंग्टन काउंटीत खाली ढकललेलं पाणी काही मैलांवरच्या चालू गॅस विहिरींत शिरलं, असं पुढे राज्याच्याच तपासात निघालं. तुमच्याकडे तर 1859 मध्ये टायटसव्हिललाच अमेरिकेची पहिली गाजलेली तेलविहीर लागली. तेव्हापासून राज्यात लाखो भोकं पाडली गेली आणि त्यातल्या कित्येकांची नोंदच नाही. जमीन चाळणीसारखी आहे. म्हणून तुझ्या आवारात कुठे गंजका पाइप वर आलेला असेल, सतत ओलसर, तेलकट वास असलेली जागा असेल, तर तीही डीईपीला कळव.

डीईपीचं वायव्य विभागाचं कार्यालय मीडव्हिललाच आहे, नवऱ्याच्या नोकरीच्या गावी. टँकर परत आला तर रस्त्यावर आडवी पडू नकोस. फोटो काढ: नंबर, पाटी, ओला रस्ता, आणि वेळ. त्याच दिवशी तक्रार नोंदव आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घे. टाउनशिपच्या मासिक बैठकीला जा, तिथे गावकऱ्यांना बोलायला वेळ देतात. पाणी कोणाचं, कोणत्या विहिरीचं, कोणत्या कागदावर, एवढेच तीन प्रश्न विचार. उत्तर नाही मिळालं तर लेखी माग. आपल्याकडे माहितीचा अधिकार आहे तसा तुमच्या राज्यातही ‘राइट टू नो’ कायदा आहे. आणखी एक गोष्ट आताच लक्षात ठेव. जवळपास कुणी नवी विहीर खोदणार असेल आणि आधी तुमचं पाणी तपासू द्या म्हणून कंपनीचा माणूस आला, तर रागाने परत पाठवू नकोस. राज्याच्या 2012 च्या कायद्याप्रमाणे नवीन पद्धतीच्या (मार्सेलससारख्या खडकातल्या) विहिरीपासून 2,500 फुटांत आणि 12 महिन्यांत पाणी बिघडलं तर दोष कंपनीचा धरला जातो (जुन्या पद्धतीच्या विहिरीला 1,000 फूट आणि 6 महिने), पण तू तपासणीच करू दिली नसशील तर हे संरक्षण जातं. त्यांना करू दे, आणि तुझी स्वतंत्र करच.

आजोबांशी भांडू नकोस. त्यांच्याकडे भाजणीची थालीपीठं घेऊन जा आणि त्यांच्या विहिरींबद्दल विचार. दिवसाला किती पाणी निघतं, टाकीत किती दिवस राहतं, कोण उचलतं, किती पैसे घेतं. कदाचित तो टँकर त्यांच्याच पाण्याचा असेल, आणि योग्य जागी पाठवायला लागणारा खर्च त्यांच्या दोन पिंप तेलाला परवडत नसेल. तेही त्याच जमिनीतलं पाणी पितात. शक्य असेल तर प्रयोगशाळेचा माणूस येईल त्या दिवशी त्यांच्या बोअरचाही नमुना घ्यायला सांग, पैसे तू भर. त्यांचं पाणी बिघडलेलं निघालं तर ‘माझे वडीलही टाकायचे’ हे वाक्य त्यांच्या तोंडून परत येणार नाही, आणि चांगलं निघालं तर तुझीच झोप परत येईल.

घर विकायचं आता मनात आणू नकोस. रिपोर्टशिवाय विकलंस तर भीती तुझ्याबरोबर पुढच्या घरी येईल आणि पाणी पुढच्या कुटुंबाच्या नळाला राहील. आणि नवऱ्याशी ‘पर्वत की राई’ हा वाद बंद. त्याला म्हण, मला 3 आठवडे आणि प्रयोगशाळेचे पैसे दे, आकडे आले की दोघं मिळून बघू. तू आकडे आणलेस की तो ऐकेल असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. बोअरचं टोपण बघायला त्यालाच घेऊन जा.

रिपोर्ट आला की मला पाठव. पहिल्या पानावरचं ‘सॅटिस्फॅक्टरी’ वाचून ठेवून देऊ नकोस, ते बहुधा जंतूंपुरतंच असतं. दुसऱ्या पानावर बेरियम आणि ब्रोमाइडच्या ओळी शोध, आणि नमुना कोणत्या नळाचा होता ते बाजूला पेनने लिही.

तुझी,
ताई